डाव्या बाजूची झांज

माय, या वयात मी गाणी ऐकायला शिकायचं ठरवलं होतं. तुला हसू येईल. आपल्या घरात गाणी ऐकायला कुणी शिकत नसे, ती आपोआप येऊन आदळायची. मंगळवारी देवीची गाणी म्हणणाऱ्या तुझ्या आराधी बायकांच्या मेळ्यातून, लग्नसराईत ट्रॅक्टरवर बांधलेल्या कर्ण्यांतून, जत्रेत तर चहूकडून एकदम. पण आता मी दिवसभर येरमाळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते, हॉर्न आणि कंडक्टरांच्या आरोळ्या कानात भरून घरी येते, घरी यांचा टीव्ही चालू असतो, आणि लेक नोकरीला पुण्याला गेल्यापासून माझ्याशी असं म्हणून कोणी बोलत नाही. तिनंच एकदा फोनवर विचारलं, "आई, तुला स्वतःसाठी काय करावंसं वाटतं?" असला प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले, "एकदा निवांत गाणी ऐकायचीत." तिथून सगळं सुरू झालं. त्यातून मला तुझ्याबद्दल आणि माझ्याबद्दल जे कळलं ते ऐकून घ्यायला जिवंत माणसांत कुणी नाही, म्हणून तुला लिहितेय.

लेकीनं सांगितलं, साधे इअरफोन घेऊ नकोस, आयईएम घे. म्हणजे स्टेजवर गाणारे लोक कानाच्या आत घट्ट बसवतात तसले, पण आता आपल्यासारख्यांना झेपतील असेही मिळतात. शिकाऊ माणसानं स्वस्तातलंच घ्यावं, वायरचं घ्यावं, वायर कानावरून मागं वळवून घालायची असते, लाल खूण असेल तो उजवा. आताच्या फोनला गोल पिनेचं भोक नसतं म्हणून बोटाएवढी एक जोडणी वेगळी घ्यायची. वहीत उतरवून घ्यायचंच तेवढं बाकी होतं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत खिडकीत बसून लोकांनी लिहिलेली मतं वाचायला लागले. एक म्हणतो याचा बेस जड आहे, दुसरा म्हणतो याचा मधला भाग मागं बसलाय, तिसऱ्याला वरचे सूर अंगावर येतात. मला तर हे लोक गादीबद्दल बोलतात की आवाजाबद्दल तेच कळेना. लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, एवढं वाचू नकोस. सगळे सूर सारखे वाजवणारा एक सांगते, तो माझ्याकडंही आहे, डोळे झाकून घे." घेतला. डबीतून लहान, मधली, मोठी अशी रबराची टोपणं निघाली, ती आपापल्या कानाच्या मापानं लावायची. उजव्या कानाला मधलं बसलं, डाव्याला काही केल्या मोठंच लागलं. टोपण नीट बसलं की बाहेरचा आवाज तुटतो असं लेकीनं सांगितलं होतं, आणि खरंच, डोक्यावर पंखा फिरत होता पण त्याची घरघर गेली. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, मी उठून आरशात पाहून आले.

सुरुवातीला कोणतं गाणं लावायचं यालाही नियम असतो. जे गाणं तुला पाठ आहे तेच लाव, लेक म्हणाली, म्हणजे यंत्र काय करतंय ते कळेल. मला पाठ काय असणार? तुमच्या मेळ्यातली गाणी. फोनवर शोधलं तर आपल्याच भागातल्या कुठल्याशा मेळ्यानं गायलेलं एक सापडलं, तू म्हणायचीस तेच, चाल थोडी वेगळी. संबळ उजवीकडं, तुणतुणं मधोमध, बाई गातेय तर तिचा श्वास ऐकू येतोय. माय, मी रडले. पण त्यात झांज नव्हती. मी गाणं पुन्हा लावलं. फोनच्या स्पीकरवर लावलं की झांज खणखणीत, कानात घातलं की नाही. आराधी बायका झांजेवाचून गातील कशा? एक तुकडा काढून, दुसरा काढून बघितलं, तर गोम डाव्यात होती. डाव्यातून आवाज येत होता, बाई गात होती, पण कोणीतरी तिच्यावर घोंगडं टाकल्यासारखी. मी म्हटलं, आलं का, स्वस्त ते असंच निघायचं. माल परत केला. बदली आला, त्याचाही डावाच बाद. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी त्या लोकांना चांगलं झणझणीत लिहिलं, की तुमच्याकडं डावे तुकडे बनवणारा कारागीर झोपा काढतो काय. आणि हायवेवरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन तिथले सगळे एकेक करून कानाला लावले. दुकानदार बेसचे दाखवत होता, ते मला विहिरीतून बोलल्यासारखे वाटायचे. शेवटी एकात डावीकडून बारीकशी किणकिण आली. मी म्हटलं, हाच. तो म्हणाला, "ताई, ह्यो लई टोचतो कानाला, गिऱ्हाइकं माघारी आणून देत्यात." मी म्हटलं, "तुला काय करायचंय, मला चालतो." आणि घेऊन आले, मोठा गड जिंकल्यासारखी.

ती किणकिण ऐकताना मला सारखी तू दिसायचीस. मेळ्यात बसायची जागा तुझी ठरलेली असे, रांगेच्या डाव्या टोकाला, भिंतीला लागून. तुझ्या डाव्या हाताला कोणी नाही, सगळा मेळा उजवीकडं. मळवट भरलेला, गळ्यात कवड्यांची माळ, पुढ्यात परडी, हातात झांज. म्होरकी बाई ओळ सोडायची आणि तू झील धरायचीस, म्हणजे तिची ओळ जिथं संपते तिथून उचलून पुढं न्यायचीस. तुझ्यासारखी झील कोणाची नाही म्हणत. मी तुझ्या मांडीला टेकून बसलेली, झांजेचा गारवा दंडाला लागतोय. मग हळूहळू तू उशिरा उचलायला लागलीस. जरा थांबून, बाकीच्यांची तोंडं हलली की मग. बायका एकमेकींकडं बघायच्या. तुझं आता वय झालं असं कोणी म्हणायच्या आत ते चुन्याच्या रानातलं घडलं.

चैत्रातल्या जत्रेचा दुसरा दिवस. पालखी डोंगरावरून आमराईकडं निघायच्या आधी सगळं माणूस रानात पसरून चुनखडीचे खडे वेचतं. मीही तुझ्या मागं मागं ओच्यात खडे गोळा करतेय. ऊन डोक्यावर. तू वाकून वेचत वेचत पालखीच्या वाटेवरच जाऊन बसलेली. हलगी वाजतेय, लोक ओरडतायत, "ए बाई, उठ! आगं पालखी आली, सरक!" मी गर्दीत मागं अडकलेली. तू मान वर करत नाहीस. एक खडा उचलतेस, पुसतेस, ओच्यात टाकतेस. पालखीवाले थांबले. हलगी थांबली. सगळं रान गप झालं आणि मग कुठं तू वर पाहिलंस, तर समोर पालखीतली येडाई देवी उभी. तू घाबरून दोन्ही हात जोडलेस. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "आगं, हिच्यासाठी थांबली! बाईनं स्वतः थांबून दर्शन दिलं हिला!" झालं. बायका धावल्या, तुझ्या पायाची माती कपाळाला लावली. मला कोणीतरी खांद्यावर घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, आपली माय म्हणजे कोण की.

त्यानंतर तू हाकेला ओ दिली नाहीस की लोक म्हणायचे, ती बाईशी बोलतीया, बोलू द्या. झील चुकली तर म्हणायचे, वारं आलं असंल. तुला रांगेतून उठवून मधोमध बसवायला बघायचे, पण तू डावं टोक सोडलं नाहीस. बायका परडीत पीठ-मीठ घालून तुझ्यासमोर बसायच्या, आपलं गाऱ्हाणं सांगायच्या, आणि तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचीस, "व्हईल, समदं व्हईल." कुणीही येवो, काहीही विचारो. ज्यांचं झालं त्या नारळ घेऊन आल्या. ज्यांचं झालं नाही त्या परत विचारायला आल्या. एकदा दारात दोन बायका आल्या होत्या आणि तू चुलीपाशी पाठमोरी. त्यांनी हाका मारल्या. मी शाळेतलं शहाणपण दाखवत बोलून गेले, "मायला ऐकू येत न्हाय." त्या गेल्यावर तू भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आलीस आणि माझी हनुवटी धरलीस. तू माझं बोलणं ऐकलं नव्हतंस, वळल्यावर त्या बायकांचे उतरलेले चेहरे पाहिले होतेस. म्हणालीस, "काय बोललीस त्यांला? पुन्यांदा बोलू नगं. बहिरीला कोपऱ्यात बसवत्यात. मला लोकांनी जागा दिलीया, ती घालवू नगं." पिठाचे ठसे कितीतरी वेळ माझ्या तोंडावर होते. पुन्हा मी ते कधी बोलले नाही. बोलले नाही आणि मग विसरूनही गेले, कारण आईला ऐकू येत नाही यापेक्षा आईला देवी ऐकू येते हे सांगायला कितीतरी बरं होतं.

संक्रांतीला लेक आली. दुपारी तिळगुळाचं आवरून दोघी ओट्यावर बसलो होतो. मी मोठ्या तोऱ्यात माझा नवीन इअरफोन तिच्या कानात घातला आणि झांजेचं गाणं लावलं. तिनं लगेच ओढून काढला. "आई गं! हे कानात सुई खुपसल्यासारखं होतंय. तुला हे चालतं कसं?" मी म्हटलं, तुझ्या त्या कंपनीवाल्यांचे डावे तुकडे बाद निघतात, निदान ह्याच्यात झांज तरी ऐकू येते. मग तिनं पर्समधून तिचा काढला, तोच, जो मी पुन्हा पुन्हा परत पाठवला होता, आणि माझ्या कानात बसवला. मी ऐकलं आणि हसले. म्हटलं, "बघ, तुझाही डावा गेलेला." ती हसली नाही. तिनं दोन्ही तुकडे काढले आणि डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात घातला. ते उलटे बसत नाहीत नीट, वायर गालावर येते, तिनं बोटांनी धरून ठेवले. आणि माय, झांज वाजली. ज्या तुकड्याला मी बाद म्हणत होते त्याच तुकड्यातून, उजव्या कानात, इतकी लख्ख की दोन पितळेच्या वाट्या एकमेकींवरून घसरताना दिसाव्यात. आणि डाव्या कानावर आता संबळ घोंगड्याखाली गेला होता. लेकीनं हळूच विचारलं, "कळलं का आई?" मी म्हटलं, "कळलं." आणि गॅसवर दूध आहे असं सांगून आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं ती घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानात शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी हातात बटण घेऊन बसून राहिले, मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, नस सुकत चाललीय, डाव्या कानाची बरीच, उजव्याचीही सुरुवात आहे, गेलेलं परत येत नाही. घरात कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून सवयीनं "नाही" निघून गेलं. मग म्हटलं, हो, आईला. काय होतं, तर बहिरी होती. माय, हा शब्द तुझ्यासाठी मी पहिल्यांदा उच्चारला आणि माझा हात आपोआप हनुवटीकडं गेला. मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं कळेल म्हणाले. मी विचारलं, झांज? ते म्हणाले, "मावशी, गाण्याचं मी सांगू शकत नाही. तुमच्या आठवणीतल्यासारखं नाही वाजणार." मशीनसाठी नंतर येते असं सांगून मी निघाले. अजून गेलेली नाही. लेक रोज फोनवर विचारते, मी रोज काही ना काही सांगते.

मला बहिरेपणाचं एवढं दुःख नाही, खरंच नाही. खिडकीतलं काम मी तोंडं बघून चालवते, गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, माणूस काय विचारणार ते त्याच्या घाईवरून समजतं. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी पिशवी भरून तुझ्याकडं आले होते, आठवतं? नसेलच आठवत. सकाळची वेळ, तू चुलीपाशी डाळ शिजत घातलेली. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले, विळीशेजारी, तुझ्या डाव्या हाताला. लहानपणापासून मी तिथंच बसायची, भाजी चिरत. मी तुझ्याकडं न बघता बोलत होते, असलं बोलताना आईच्या तोंडाकडं कोण बघतं? मी सगळं सांगितलं. ते पितात. सासू जेवण मोजून वाढते. मला हात लावतात तेव्हा मला काय वाटतं तेही सांगितलं, जे मी पुढं कुणालाच सांगितलं नाही. शेवटी म्हटलं, "माय, मला न्हाय जायचं माघारी. हितंच ऱ्हाऊ का?" तू डाळ ढवळत होतीस. मग माझ्याकडं वळलीस, माझं तोंड रडलेलं बघितलंस, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "व्हईल, समदं व्हईल."

मी देवीचा शब्द म्हणून घेतला तो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेले. आणि झालंही म्हणा एक प्रकारे. लेक झाली, नोकरी लागली, सासू गेली, यांची पिण्याची ताकद संपली, आता देवळात जाऊन बसतात. लोक म्हणतात संसार चांगला झाला. मीही तेच म्हणत आले, की माय म्हणाली होती. अवघड दिवस आला की मी तेवढंच घट्ट धरायची, माझ्या मायनं सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि मग जा म्हणाली. तिला पुढचं दिसत असणार. आता दुपारी ओट्यावर बसून मी कानात ते तुकडे उलटसुलट घालते आणि हिशेब एकच निघतो. मी डावीकडं बसले होते. मेळ्यात तू डावं टोक धरून बसायचीस कारण तुझी उजवी बाजूच तेवढी उरली होती. सगळा मेळा उजवीकडं घ्यायचीस तू, आणि तुझी लेक मात्र भिंतीकडच्या बाजूला बसून बोलत राहिली. तुझ्यापर्यंत माझं काय पोचलं असेल? आवाज पोचला असेल, घोंगड्याखालचा. कोणीतरी रडतंय एवढं. माझा प्रश्न पोचलाच नाही. मी फूटभर सरकून पलीकडं बसले असते तर तू काय म्हणाली असतीस, हे मला आता कोणीही सांगू शकत नाही. देवीला विचारावं तर ती कधी बोललीच नव्हती.

तुझ्यावर राग काढावा असंही वाटतं आणि तो निघत नाही. कारण मला दुसरं एक आठवतं. मी नववी-दहावीत असेन, तू मला न्हाऊ घालून केस पुसताना म्हणायचीस, "म्हण की गं एखादं." मी गायला लागले की तू तुझा ओला हात माझ्या गळ्यावर ठेवायचीस, इथं, घाटीवर, आणि डोळे मिटून बसायचीस. मला वाटायचं माया करतेय. बोटं ताल धरायची तुझी. एकदा मी मुद्दाम आवाज न काढता नुसते ओठ हलवले, गंमत म्हणून, तर तू लगेच डोळे उघडलेस आणि तुझा चेहरा असा झाला की मी पुन्हा तशी गंमत केली नाही. तुला गाणं हवं होतं गं. तुझ्याकडं आलेल्या कुणाही बाईपेक्षा तुझं गाऱ्हाणं मोठं होतं, आणि ते सांगितलं असतंस तर तुला कोपऱ्यात बसवलं असतं. सगळ्या मुलखाला होईल होईल म्हणणाऱ्या बाईला तेवढं तरी कोण म्हणालं? माझ्यासारखं यंत्र कानात घालून, कुठलं टोपण बसतं नि कुठलं नाही हे बघत बसायलाही तुझ्याकडं काही नव्हतं. आणि माझ्याकडं आहे, तर मी काय केलं? कानाला टोचणारा इअरफोन शोधून आणला आणि खूश झाले.

या चैत्रात मी चुन्याच्या रानात गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. खडे वेचत होते. तुझ्या मेळ्यातली एक म्हातारी अजून आहे, ती माझ्या मागून डावीकडून हाका मारत होती म्हणे. मला काही कळलं नाही. तिनं खांद्याला धरून हलवलं तेव्हा मी दचकून वर पाहिलं, अगदी तू पाहिलं होतंस तसंच पाहिलं असेल, कारण ती दोन पावलं मागं सरली आणि शेजारणीला म्हणाली, "आईचं लेकीकडं आलं गं, व्हय." मी सांगायला तोंड उघडलं. मावशी, मला ऐकू येत नाही, नस सुकलीय, धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलंय. एवढंच तर वाक्य होतं. तिनं माझ्या पायाला हात लावला, आणि माझं तोंड मिटलं. आता मंगळवारी एक-दोघी स्टँडवर खिडकीशी येऊन नुसता नमस्कार करून जातात. कंडक्टर थट्टा करतात, "बाई, आमच्या बदलीचं बघा की जरा." पूर्वी मी खिडकीतलं काही चुकलं तर ते खेकसायचे. आता खेकसत नाहीत. जागा म्हणजे काय ते मला समजायला लागलंय, माय.

हे कागद कुठं टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत. इअरफोनच्या रिकाम्या डबीत घडी करून ठेवीन, टोपणांच्या शेजारी. लेकीला यातलं एक वाक्य कळलं तर ती उद्याच्या उद्या येऊन मला मशीन लावायला नेईल, आणि बहुतेक मी जाईनही. पण एवढं तुला सांगून टाकते. परवा दुपारी खिडकीवर एक पोरगी आली. नवी लग्न झालेली असावी, हिरव्या बांगड्या, काखेत कपड्यांची भरलेली पिशवी. खिडकीसमोर यायचं सोडून ती बाजूच्या दारात उभी राहिली, माझ्या डाव्या हाताला, आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी बोलली. गाडीची वेळ विचारायला कोणी एवढं बोलत नाही. मला घोंगड्याखालचा आवाज आला. मग तिनं वर पाहिलं, उत्तरासाठी. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "व्हईल, समदं व्हईल." तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि जाऊन फलाटावरच्या गाडीत बसली. गाडी सुटेपर्यंत मला वेळ होता. माझा उजवा कान अजून चालतो, आणि मी तिला या बाजूला बोलावलं नाही.